शस्त्रक्रियेनंतर काय? एका अंदाजाचा इतिहास

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. तिच्यातला कर्करोग आतच असेल तर ग्रंथी काढून टाकण्याचा निर्णय त्यामानाने सोपा. पण रोग ग्रंथीचे आवरण भेदून शेजारी शिरला असेल आणि दूर हाडांत मात्र पोचलेला नसेल, तर? शस्त्रक्रियेने हा रोगी बरा होईल का, याचा अंदाज कसा करायचा?

१९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू यंग यांनी कर्करोगासाठी ही ग्रंथी समूळ काढली. तेव्हा रोगाचा पसारा जोखायचा तो मुख्यतः गुदद्वारातून बोटाने चाचपून. बोटाला कठीणपणा कळतो. गाठीचा स्वभाव कळत नाही.

तो कळू लागला १९६० च्या दशकात. मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी न्याहाळण्याऐवजी कमी वर्धनावर पेशींची मांडणी पाहिली आणि तिचे पाच नमुने चितारले. मग हे नमुने रोग्यांच्या मृत्यूंच्या नोंदींशी ताडून पाहिले गेले. एकाच गाठीत दोन नमुने असले तर वाईट नमुनाच भवितव्य ठरवील असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात मृत्यूचे प्रमाण दोहोंच्या मधले निघाले! म्हणून दोन प्रमुख नमुन्यांच्या क्रमांकांची बेरीज करायची पद्धत पडली. १९६६ साली मांडलेली ही ‘ग्लीसन बेरीज’ पुढे बऱ्याच सुधारणांसह टिकली.

दुसरे साधन रक्तातले. प्रोस्टेटच्या पेशी पीएसए नावाचे प्रथिन बनवतात. ते १९७९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे काढले गेले. ग्रंथी काढल्यावर त्याचे रक्तातले प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी निम्मे होते. वर्गात घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे: आरंभी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम असतील आणि तीन दिवसांत निम्मे होत असतील, तर तीस दिवसांत २० भागिले १०२४, म्हणजे जेमतेम ०.०२. एवढे खाली न उतरता ते टिकून राहिले किंवा पुन्हा चढू लागले, तर कुठेतरी पेशी उरल्या आहेत अशी शंका घ्यावी लागते.

बोट, बेरीज आणि पीएसए या तिन्हींची सांगड घालणारे तक्ते ॲलन पार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केले. रोग आवरणाबाहेर किंवा लसिकाग्रंथींत गेला असण्याची शक्यता त्यांत शस्त्रक्रियेआधीच वाचता येई. १९९८ मध्ये मायकेल कॅटन यांचा आलेख आला. त्यावर पाच वर्षे रोग न उलटण्याची शक्यता मोजता येई.

आमच्या मते खरी मेख इथेच आहे. ‘शंभरात साठ’ हे विधान शंभर जणांच्या गटाविषयी असते. समोरचा रोगी त्या साठांतला की चाळिसांतला, हे तक्ता सांगत नाही. शिवाय आवरणाबाहेर गेलेल्या रोगावर शस्त्रक्रिया करायला शल्यचिकित्सक फारसे धजावत नसत. त्यामुळे ज्यांना अंदाजाची सर्वाधिक गरज, त्यांचीच माहिती तोकडी.

आणि अंदाज वाईट निघाला तर करायचे काय? १९९९ साली जॉन्स हॉपकिन्सच्याच गटाने, शस्त्रक्रियेनंतर पीएसए वाढूनही लगेच हार्मोन-उपचार न दिलेल्या ३०४ पुरुषांची हकिकत मांडली. त्यांपैकी १०३ जणांत रोग दूरवर पसरला, आणि पीएसए वाढल्यापासून पसरेपर्यंतचा मध्यक काळ होता आठ वर्षे! म्हणजे धोक्याची घंटा वाजल्यावरही बहुधा हाताशी वेळ असतो.

तरीही रोग आवरणाबाहेर गेलेल्यांना शस्त्रक्रियेपाठोपाठ किरणोपचार द्यावेत, असे अनेकांचे मत होते. २०२० मध्ये तीन चाचण्यांचे निकाल आले. सर्वांत मोठ्या चाचणीत ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा व आयर्लंडमधले १३९६ पुरुष होते. निम्म्यांना लगेच किरण दिले. उरलेल्यांच्या पीएसएवर नजर ठेवून, तो वाढला तरच दिले. लगेच किरण दिल्याने रोग आवरण्यात ठळक फायदा दिसला नाही. नजर ठेवलेल्या गटात तोवर सुमारे एक तृतीयांश जणांनाच किरणांची गरज पडली होती. लघवीवरचा ताबा सुटण्याचा त्रास मात्र पहिल्या वर्षी, लगेच किरण घेतलेल्यांनाच अधिक झाला.