संहितेतील मोकळ्या जागा : हौशी संगीतमंडळे आणि ‘मिकाडो’चे आधुनिकीकरण

नाट्यकृतीचे आधुनिकीकरण म्हणजे मूळ संहितेत बाहेरून झालेला हस्तक्षेप, असे नाट्यसमीक्षेत बहुधा गृहीत धरले जाते. संहिता हे पूर्णत्वास गेलेले स्थिर रूप आणि प्रयोग हा तिचा कमीअधिक प्रामाणिक आविष्कार, ही या गृहीतामागची भूमिका होय. विनोदी संगीतिकेचा, विशेषतः हौशी मंडळांनी केलेल्या प्रयोगांचा इतिहास पाहिला असता ही भूमिका अपुरी ठरते. या दृष्टीने गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या ‘द मिकाडो’ या संगीतिकेची प्रयोगपरंपरा उद्बोधक आहे.

विल्यम गिल्बर्ट यांची संहिता आणि आर्थर सलिव्हन यांचे संगीत या सहयोगातून १८७१ ते १८९६ या काळात चौदा रंगकृती निर्माण झाल्या. त्यांपैकी ‘मिकाडो’ १४ मार्च १८८५ रोजी लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात प्रथम सादर झाली आणि पहिल्याच मालिकेत तिचे ६७२ प्रयोग झाले. कथानक जपानमधील टिटिपू या काल्पनिक नगरीत घडते. प्रणयचेष्टेला देहान्ताची शिक्षा, शिंप्याचा झालेला वधाधिकारी, एकाच माणसाकडे एकवटलेली सारी सरकारी पदे, असा तिचा विनोदविषय आहे. उपरोधाचे लक्ष्य इंग्लंडमधील नोकरशाही हे आहे. जपान हा केवळ वेश आहे. मात्र हा वेश अस्सल दिसावा यासाठी गिल्बर्टने विशेष कष्ट घेतले. त्याच वर्षी लंडनच्या नाइट्सब्रिज भागात जपानी खेड्याचे प्रदर्शन भरले होते. तेथील एका जपानी स्त्रीकडून नटींना चालण्याचे आणि पंखा हाताळण्याचे शिक्षण देण्यात आले. आशय इंग्रजी आणि आविर्भाव जपानी, ही या कृतीची मूळ संकेतव्यवस्था. पुढील सर्व वादांचे बीज येथेच आहे.

या संगीतिका हौशी मंडळांनी फार लवकर स्वीकारल्या. त्याची कारणे रचनेतच आहेत. गाण्यांची स्वरमर्यादा प्रशिक्षित परंतु व्यावसायिक नसलेल्या गळ्याला झेपणारी आहे. स्त्रियांचा व पुरुषांचा वृंद कथानकाचा सक्रिय घटक असल्याने चाळीस-पन्नास सभासदांना रंगमंचावर स्थान मिळते. आणि विषय मध्यमवर्गीय कुटुंबाला संकोच वाटू नये इतका सभ्य आहे. चर्चमध्ये समूहगायनाची सवय झालेल्या इंग्रज गावांना असे नाटक हवेच होते. १८९९ साली ‘नॅशनल ऑपरेटिक अँड ड्रॅमॅटिक असोसिएशन’ स्थापन झाली, ती हौशी मंडळांच्या या वाढत्या संख्येमुळेच.

परंतु हे हौशी प्रयोग स्वतंत्र नव्हते. ब्रिटनमधील हक्क डॉइली कार्ट कंपनीकडे होते. वाद्यवृंदाची स्वरलिपी तिच्याकडूनच भाड्याने घ्यावी लागे, आणि परवाना घेणाऱ्या मंडळांनी कंपनीच्या प्रयोगप्रतीतील हालचालींचे अनुकरण करावे, अशी अपेक्षा असे. परिणामी, नटाने कोणत्या ओळीवर पंखा मिटावा हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले. ज्यांना नाटकातून अर्थार्जन करायचे नव्हते, ज्यांच्यावर गल्ल्याचे दडपण व्यावसायिकांइतके नव्हते, असे हौशी कलावंतच परंपरेचे सर्वांत निष्ठावान रक्षक बनले. परवान्याची अट हे याचे एकच कारण नव्हे. परंपरेची अचूक पुनरावृत्ती हेच हौशी नटाच्या दृष्टीने कौशल्याचे प्रमाणपत्र होते.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावयास हवी. ज्या संहितेचे रक्षण चालले होते तीच स्वतःला पूर्ण मानत नव्हती. पहिल्या अंकात वधाधिकारी को-को समाजाला नकोशा असलेल्या माणसांची एक यादी गातो. तिच्या अखेरच्या कडव्यात गिल्बर्टने राजकारणी व्यक्तींची नावे घातलेली नाहीत. नावाऐवजी अडखळणारे, टाळाटाळीचे शब्द घालून नटाच्या नकलेसाठी त्याने जागा मोकळी ठेवली आहे. तालमीत पदरचा एक शब्दही सहन न करणारा हा लेखक येथे मात्र प्रत्येक काळातील प्रेक्षकाला आपापले लक्ष्य निवडू देतो. याच गीतात स्त्री-कादंबरीकाराची जी टिंगल आहे, तिच्या जागी दुसरे लक्ष्य योजण्यास १९०८ च्या पुनःप्रयोगात त्याने स्वतःच मोकळीक दिली. समकालीनता हा या संहितेवरचा आघात नव्हे. तो तिच्या रचनेतील एक घटक आहे.

यावरून आधुनिकीकरणाचे तीन स्तर वेगळे करता येतात. पहिला स्तर शब्दाचा. मोकळ्या जागेत नवे नाव बसवताना वृत्त, यमक आणि स्वररचना अबाधित राहतात. किंबहुना त्या चौकटीत नवा शब्द चपखल बसला, यातच हशा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर या स्तराला नैतिक परिमाण लाभले. मूळ संहितेत कृष्णवर्णीयांसाठी दोन ठिकाणी अवमानकारक शब्द होता. अमेरिकेतून व नंतर ब्रिटनमधूनही आक्षेप आल्यावर १९४८ साली रूपर्ट डॉइली कार्ट यांनी ए. पी. हर्बर्ट यांच्याकडून पर्यायी शब्द लिहून घेतले. परंपरेच्या अधिकृत रक्षकानेच संहिता बदलली. म्हणजे ‘मूळ’ हा शब्द येथे इतिहासाचा नव्हे, अधिकाराचा वाचक होता.

दुसरा स्तर स्थळकाळाचा. गिल्बर्ट १९११ साली निवर्तला आणि १९६१ च्या अखेरीस ब्रिटनमधील त्याच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क संपला. अमेरिकेत हे बंधन नसल्याने १९३८ साली शिकागोत फेडरल थिएटर प्रोजेक्टने कृष्णवर्णीय नटसंचासह ‘स्विंग मिकाडो’ केले होते आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘हॉट मिकाडो’ आले. १९६१ नंतर ब्रिटिश हौशी मंडळांनाही ती मोकळीक मिळाली. १९८२ साली जुनी डॉइली कार्ट कंपनी बंद पडली, तेव्हा अनुकरणासाठी जिवंत नमुनाही उरला नाही. १९८६ साली जोनाथन मिलर यांनी इंग्लिश नॅशनल ऑपेरासाठी टिटिपू नगरी काढून तेथे दोन महायुद्धांमधल्या काळातील इंग्रज समुद्रकिनाऱ्यावरचे हॉटेल उभे केले. या प्रयोगाने वेश उतरवून ठेवला व उपरोधाचे खरे लक्ष्य उघडे केले. हे आधुनिकीकरण एका अर्थी मूळ हेतूकडे परतणेच होते.

तिसरा स्तर कृतीकडे पाहण्याच्या चौकटीचा. जपानी राजपुत्र फुशिमी यांच्या भेटीच्या निमित्ताने १९०७ साली लंडनमध्ये या संगीतिकेवर काही आठवडे बंदी घालण्यात आली होती. तेव्हा प्रश्न राजनैतिक शिष्टाचाराचा होता. २०१४ साली सिएटलमधील गिल्बर्ट अँड सलिव्हन सोसायटीच्या प्रयोगावर झालेली टीका निराळी होती. गोऱ्या नटांनी जपानी पात्रे रंगवणे हाच तिचा विषय होता आणि आक्षेप घेणारे त्याच नगरीचे रहिवासी होते. पुढील वर्षी न्यूयॉर्कच्या गिल्बर्ट अँड सलिव्हन प्लेयर्सनी नियोजित प्रयोग रद्द केले. २०१६ साली खुद्द गिल्बर्ट-सलिव्हन यांनाच पात्रे करणारा पूर्वरंग जोडून कृती नव्याने मांडली. जपान हे आता व्हिक्टोरियन लेखकाचे स्वप्न ठरले.

येथे केवळ शब्दबदलाची मर्यादा स्पष्ट होते. यादीतील नाव बदलता येते. परंतु वेशच जेव्हा अर्थ बनतो, तेव्हा संहितेतील कोणतीही मोकळी जागा पुरी पडत नाही. १८८५ च्या लंडनकर प्रेक्षकाला जपान हे दूरचे, म्हणून निरुपद्रवी आवरण वाटले. तो दूरचा माणूस प्रेक्षागृहात शेजारी येऊन बसला की आवरण निरुपद्रवी राहत नाही.

याहून मूलगामी अशी आणखी एक वाट इंग्रजी विनोदी संगीतिकेच्याच इतिहासात आहे. जॉन गे यांच्या ‘द बेगर्स ऑपेरा’चे (१७२८) ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ साली ‘थ्री पेनी ऑपेरा’त रूपांतर केले आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७८ साली रंगभूमीवर आणला. तेथे संहितेचे रक्षण हा प्रश्नच उरत नाही. कथासूत्र तेवढे टिकते आणि भाषा, संगीत, रंगसंकेत हे सर्व नवे होते. ‘मिकाडो’ करणाऱ्या मंडळाला मात्र हे स्वातंत्र्य नको असते, कारण सलिव्हनच्या सुरावटी गाता याव्यात म्हणूनच सभासद एकत्र आलेले असतात.

हौशी मंडळाची अडचण आणि त्याचे महत्त्व दोन्ही यातच आहेत. व्यावसायिक कंपनी नवा अन्वयार्थ दिग्दर्शकाच्या नावावर टाकू शकते. हौशी प्रयोगात गाणारे आणि ऐकणारे एकाच गावचे असतात. कोणाला हसायचे, हा निर्णय तेथे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसमोर घेतलेला असतो. प्रयोगप्रतीने हा निर्णय दीर्घकाळ त्यांच्या वतीने घेतला. हक्क संपले तेव्हा स्वातंत्र्याबरोबर तो निर्णयही त्यांच्याकडे आला. म्हणून आधुनिकीकृत संगीतिकेचे मूल्यमापन मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेच्या मोजपट्टीने करणे अपुरे आहे. मोकळ्या जागेत मंडळाने कोणाला बसवले आणि कोणाला प्रथमच प्रेक्षक म्हणून गृहीत धरले, हे पाहणे अधिक अर्थपूर्ण ठरेल.