मोऱ्याची दारू आणि द्रोणागिरीची चढण

वाइन चाखत बेटावर भटकायला आमच्या सोसायटीतले एक जोडपे सिसिलीला निघाले आहे. जावे की! मी मात्र पनवेलहून उरणची एसटी पकडतो. भराव आणि रस्त्यांमुळे आज कळत नाही, पण उरण-करंजा हे मूळचे बेटच. आधी पोर्तुगीज, मग मराठे, 1774 च्या सुमारास इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले.

दारूचे म्हणाल तर या बेटाने एकेकाळी अख्ख्या मुंबईला पाजली. मोरा बंदराजवळ पारशी मालकांच्या भट्ट्यांची रांग होती. मोहाची वाळलेली फुले गुजरातेतून, मुख्यतः पंचमहालातून यायची. ती पाण्यात भिजत घालायची, चांगली आंबली की भट्टीवर चढवायची आणि वाफ थंड करून अर्क धरायचा. द्राक्षाचा मणी नाही की ओकचे पिंप नाही.

1878 च्या अबकारी कायद्याने सरकारने गाळपावरची पकड आवळली. 1892 च्या मोह कायद्याने तर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावरही बंधने आणली. कातकऱ्याच्या झोपडीतले मडके गुन्हा ठरले, मोऱ्याच्या भट्टीचा कर मात्र खजिन्यात. मला यात आरोग्याची काळजी कुठे दिसत नाही.

भट्ट्या गेल्या. द्रोणागिरीचा डोंगर आहे. पावसाळा सरताच सकाळी लवकर चढा. वर पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत, खाली समुद्र आणि तेलाच्या टाक्या. पाणी सोबत न्या. प्यायला दुसरे काही मिळणार नाही.