भिंतीतली तीन भोके

इंग्लंडात जुने घर विकत घेतलेला माणूस भिंतीवरचा कागद सोलताना, किंवा वर्षानुवर्षे न हललेले कपाट बाजूस सारताना, कधी कधी एका कोड्यापुढे येऊन उभा राहतो. भिंतीच्या पायथ्याशी लाकडी पट्टीवर एक तपकिरी वाटोळी चकती असते आणि तिला तीन वाटोळी भोके असतात. घरातला एकही प्लग त्यांत जात नाही; कारण तिकडे आज सर्वत्र चपट्या पिनांचे प्लग आहेत. ही वस्तू काय असावी, हे तो जाणत्यांना विचारीत सुटतो. मौज अशी की, याचे उत्तर देण्यास कोणी पुराणवस्तुसंशोधक नको. आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल की, हा तर आपला रोजचा थ्री-पिन प्लग!

(भिंतीतल्या भागाला आपण 'प्लग' म्हणतो आणि त्यात खुपसावयाच्या वस्तूला 'पिन'. गोंधळ नको म्हणून येथे भिंतीतल्याला सॉकेट म्हणू.)

जी वस्तू तिकडे कोडे झाली ती इकडे रोजच्या वापरात का राहिली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. घरांत वीज प्रथम आली ती दिव्यासाठी. तेव्हा सॉकेट नावाची वस्तू बहुतेक घरांत नव्हतीच. इस्त्री आली तेव्हा दिवा काढून होल्डरमध्येच तिची तार अडकवीत. अमेरिकेत १९०४ साली हार्वे हबेल याने जे पेटंट घेतले, तेही होल्डरमध्ये फिरवून बसविण्याच्या व पुढून प्लग काढता-घालता येईल अशा जोडणीचेच होते. पुढे भिंतीत सॉकेटे आली ती दोन भोकांची, आणि ज्या त्या कारखान्याचे माप निराळे.

दोन भोकांनी काम चालते, मग तिसरे कशाला? धातूची इस्त्री किंवा शेगडी आतून बिघडली आणि उघडी तार तिच्या अंगाला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या देहातून वीज जमिनीकडे धावते. तिसऱ्या भोकातली अर्थिंगची तार तिला सोपी वाट देते. त्या वाटेने एकदम मोठा प्रवाह गेला की फ्यूज वितळतो आणि माणूस वाचतो. म्हणूनच वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब असते. लांब अशासाठी की, वीज जोडली जाण्यापूर्वी संरक्षण जोडले जावे. आमच्या मते साऱ्या घरगुती विजेच्या इतिहासात इतका शहाणपणाचा लहानसा तुकडा दुसरा नाही.

१९३४ साली ब्रिटिश मानक ५४६ निघाले आणि २, ५, १५ व ३० अँपिअर अशी मापे त्यात बांधली गेली. ५ अँपिअरच्या थ्री-पिनमध्ये खालच्या दोन भोकांतले अंतर पाऊण इंच, तर १५ अँपिअरच्यात बरोबर एक इंच. जुने सॉकेट ओळखावयाचे तर पट्टी लावावी, एवढे सोपे आहे. लहान सॉकेट दिव्याचे, मोठे शेगडीचे. हा भेद केवळ तारेच्या जाडीचा नव्हता. संध्याकाळच्या दिव्यांसाठी उभारलेली यंत्रे दिवसभर रिकामी पडत. म्हणून इस्त्री-शेगडीसाठी वीजकंपन्या स्वस्त दर देत आणि पुष्कळ घरांत दोन मीटर बसत. आपल्याकडील जुन्या घरांतही लाइटचा मीटर निराळा आणि पॉवरचा निराळा असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

महायुद्धाने तिकडचा हा संसार मोडला. तांबे दुर्मिळ झाले आणि लक्षावधी घरे नव्याने बांधावयाची होती. एका समितीने १९४४ साली अहवाल दिला. या समितीत विद्युत्-अभियंत्या कॅरोलाइन हॅस्लेट या एकमेव स्त्री सदस्य होत्या. घरभर एकच तारेचे कडे फिरवावे आणि फ्यूज प्रत्येक प्लगच्या पोटात घालावा, अशी योजना ठरली. बिनफ्यूजचा जुना प्लग या कड्यात घुसता कामा नये, म्हणून पिना चपट्या केल्या. १९४७ साली १३ अँपिअरचे हे मानक निघाले. याच धांदलीत इतर विचित्र जातीही निपजल्या. 'डॉर्मन अँड स्मिथ'च्या प्लगमध्ये फ्यूज हीच एक पिन असे. ती ढिली झाली की प्लग हातात येई आणि पिन भिंतीतच राही. 'वायलेक्स'ला मध्ये वाटोळी पिन व दोहों बाजूंस चपट्या. जुन्या इंग्रजी घरांत खरे कोडे पडते ते यांचेच.

१९४७ सालीच इंग्रज येथून गेला आणि जाताना १९३४ चे माप ठेवून गेला. आपण ते सोडले नाही. भारतीय मानक १२९३ मध्ये तेच घराणे पुढे चालले आणि ५ व १५ ची नावे कालांतराने ६ व १६ झाली. इंग्लंडात ते १५ अँपिअरचे सॉकेट अजून टिकले आहे ते मुख्यत्वे नाट्यगृहांच्या रंगदिव्यांपाशी.

आपल्या वाड्यांत व चाळींत मात्र थ्री-पिनच्याही आधीची पिढी कोठे कोठे शिल्लक आहे. लाकडी ठोकळ्यावर चिनी मातीची बैठक, वर पितळी झाकण, दोनच भोके, आणि सागवानी पट्टीतून येणारी सुती वेष्टणाची रबरी तार. ही वस्तू पाहावयास देखणी असते. पण आतले रबर वाळून भुगा झालेले असते. मेन बंद करून, जाणत्या वायरमनकडूनच ती उघडवावी. तिसऱ्या भोकात काडी घालून पडदा उघडणारे व दोन पिनांचा प्लग खुपसणारे आपण लोक. म्हणून आणखी एक सांगतो. जुने सॉकेट काढून त्याच दोन तारांवर नवे पांढरे थ्री-पिन बसविण्याची चाल फार आहे. तेथे तिसरे भोक दिसते, पण त्यामागे तारच नसते.