मलानी, नलिनी

मलानी, नलिनी : (१९ फेब्रुवारी १९४६ – ). भारतीय चित्रकर्त्री. व्हिडिओकला व मांडणशिल्प ही माध्यमे भारतात रुजविणाऱ्या आरंभीच्या कलावंतांपैकी एक. जन्म कराचीचा. फाळणीनंतर कुटुंब कोलकात्याला व पुढे मुंबईला आले. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९६९ मध्ये पदविका घेतली. त्याच सुमारास अकबर पदमसी यांच्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये त्यांनी कॅमेरा हाती घेतला. १९७०–७२ या काळात फ्रेंच शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसमध्ये होत्या.

तंत्र : काचेवर मागील बाजूने रंगविण्याची रीत अठराव्या शतकात चिनी कारागिरांमार्फत भारतात आली आणि देवादिकांच्या तसबिरींत रुळली. तीत सारा क्रम उलटा : बुबुळ, नथ, ओठांची कड आधी, अंगाचा रंग नंतर, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. चुकलेली रेघ वरून रंग देऊन झाकता येत नाही. भूपेन खख्खर यांच्याकडून ही रीत उचलून मलानी यांनी ती ॲक्रिलिक व मायलर या पारदर्शक पत्र्यांवर आणली. मायलरच्या रंगविलेल्या नळ्या छताला टांगून फिरत्या ठेवायच्या व त्यांतून प्रोजेक्टरचा झोत सोडायचा, म्हणजे रंगीत सावल्या आणि चलत्‌चित्रे भिंतीवर एकमेकांत मिसळतात. प्रेक्षक मध्ये आला की त्याचीही सावली त्यांत पडते.

प्रमुख कामे : ‘सिटी ऑफ डिझायर्स’ (१९९२) हे मुंबईच्या गॅलरी केमोल्डमधील भित्तिचित्रण नाथद्वाऱ्याच्या भित्तिचित्रांच्या हेळसांडीकडे बोट दाखविणारे होते, तेही पुढे पुसले गेले. भारताच्या पोखरण व पाकिस्तानच्या चगाई येथील अणुचाचण्यांनंतर केलेल्या ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’मध्ये (१९९८) सआदत हसन मंटोंची फाळणीकथा आधाराला आहे. त्यात पत्र्याच्या ट्रंकांमध्ये दूरदर्शनसंच ठेवलेले असून समोरासमोरच्या भिंतींवरील दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहतात. ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ (२००३) मध्ये राजा रविवर्मा यांच्या चित्रातील निरनिराळ्या प्रांतांच्या ११ वादक-गायिका २००२ च्या गुजरात दंगलीच्या संदर्भात पुन्हा उभ्या राहतात. ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ (२०१२, कासेल) या कामात ग्रीक कथेतील कॅसँड्रा आणि महाश्वेता देवींच्या कथेतील द्रौपदी एकत्र येतात. सीता, मिडीआ, कॅसँड्रा अशा, बोलूनही ज्यांचे कोणी ऐकले नाही त्या स्त्रिया, हा मलानी यांच्या कामातील कायमचा धागा.

अलीकडे त्या आयपॅडवर बोटाने रेखाटून अनिमेशन करतात. ‘कॅन यू हिअर मी?’ (लंडन, २०२०) हे त्यांतील विशेष गाजलेले. फुकुओका (२०१३), जोआन मिरो (२०१९) व क्योटो (२०२३) हे पुरस्कार त्यांना लाभले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत २०२३ मध्ये मांडलेल्या ‘माय रिॲलिटी इज डिफरंट’मध्ये त्यांनी तेथील जुन्या युरोपीय चित्रांच्या प्रतिमांवरच ॲनिमेशनमधून रेघोट्या ओढल्या. मूळ चित्र क्षणभर दिसते, रेघांखाली बुजते आणि पुन्हा उघडे पडते.