रोझारिओ, पॅट्रिशिया
रोझारिओ, पॅट्रिशिया : (१९६०– ). विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या गायनासाठी प्रसिद्ध असलेल्या भारतीय वंशाच्या ब्रिटिश सोप्रानो गायिका. जन्म मुंबई येथे, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात. लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले.

सोप्रानो हा स्त्रीकंठाचा सर्वांत उंच प्रकार असून त्याचा पल्ला सामान्यतः दोन सप्तकांचा असतो. वाद्यवृंदासमवेत गाताना ध्वनिवर्धक वापरीत नाहीत. तारस्वरांत गायिका जबडा व मुखविवर यांचा आकार बदलून त्यांचे अनुस्पंदन स्वराच्या कंप्रतेशी जुळवून घेते. त्यामुळे आवाज वाद्यवृंदावर उठून दिसतो, मात्र शब्दोच्चार काहीसे अस्पष्ट होतात. विसाव्या शतकातील रचनांत मोठ्या स्वरांतरांच्या उड्या आणि दीर्घकाळ धरलेले तारस्वर यांची भर पडल्याने हे काम अधिक अवघड झाले.

मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता. तथापि पुढे मेहताही परदेशी गेले. चर्चमधील वृंदगान व हौशी संस्था यांनी परंपरा टिकविली, तरी व्यावसायिक गायनासाठी परदेशगमन अटळच होते.

जॉन कॅस्केन यांच्या गोलेम (१९८९) या संगीतिकेत रोझारिओंनी प्रमुख भूमिका केली. त्यांची खरी कीर्ती मात्र जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) या इंग्रज रचनाकारामुळे झाली. सनातन ख्रिस्ती पंथाचा स्वीकार केलेल्या टॅव्हनर यांच्या संगीतात बायझंटिन स्तोत्रगायनातील अखंड आधारस्वर व त्यावर विहरणारी आलंकारिक स्वरावली आढळते; तंबोऱ्याच्या साथीची सवय असलेल्या भारतीय श्रोत्यास ती परकी वाटत नाही. त्यांनी रोझारिओंसाठी तीसहून अधिक रचना केल्या. मेरी ऑफ ईजिप्त (१९९२) मधील नायिकेची भूमिका, तसेच लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये २००० साली सादर झालेल्या फॉल अँड रेझरेक्शन मधील गायन विशेष उल्लेखनीय होत. एस्टोनियन रचनाकार आर्व्हो पेर्ट यांनीही त्यांच्यासाठी वाद्यवृंदासह गावयाची रचना केली. २००१ मध्ये त्यांना ‘ओ. बी. ई.’ हा ब्रिटिश सन्मान लाभला.

राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद मुंबईत उभारला. परंतु वाद्यवृंद असला, तरी प्रशिक्षित कंठ आपोआप निर्माण होत नाहीत. ही उणीव ओळखून रोझारिओ व त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी २००९ पासून ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू करून भारतातील तरुण गायकांस शिक्षण दिले. ज्या शिक्षणासाठी त्यांना मुंबई सोडावी लागली, ते येथेच उपलब्ध करून देण्याचा हा प्रयत्न त्यांच्या कार्यात महत्त्वाचा ठरतो.