आरोपपत्रातला पॉटलॅच

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिलेज आयलंड नावाच्या बेटावर डिसेंबर १९२१ मध्ये डॅन क्रॅनमर यांनी पॉटलॅच, म्हणजे भेटी वाटण्याचा समारंभ, केला. त्याचा बराचसा पुरावा ही प्रथा मोडून काढणाऱ्या सरकारच्याच दप्तरात आहे. पॉटलॅच १८८५ पासून कायद्याने गुन्हा होता. पंचेचाळीस जणांवर खटले भरले गेले. कोणावर भाषण केल्याचा आरोप, कोणावर नाचल्याचा, तर कोणावर पाहुण्यांपर्यंत भेटवस्तू नेल्याचा.

हे सुटे आरोप एकत्र वाचले की क्वाक्वाकावाक्व या तिथल्या मूळ रहिवाशांचा सगळा विधी उभा राहतो. वक्त्याने कुळाची उत्पत्तिकथा सांगायची, मुखवटे चढवून ती नाचून दाखवायची आणि त्या कथेवरचा, त्या नावांवरचा कुळाचा हक्क जमलेल्यांनी डोळ्यांनी पाहायचा. पाहुणा इथे साक्षीदार असतो. साक्षीबद्दल त्याला त्याच्या मानाप्रमाणे भेट मिळते.

वाटप काय झाले, हे क्रॅनमर यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवले आहे: चोवीस होड्या, इंजिनाच्या बोटी, बिलियर्डची टेबले, व्हायोलिन, शिवणयंत्रे, ग्रामोफोन, पिठाची पोती. अधिकाऱ्यांनी याला उधळपट्टी ठरवले. पण यातला मोठा भाग क्रॅनमर यांच्या सासरच्यांकडून, लग्नातल्या देण्याची परतफेड म्हणून आला होता. सोयरिकीचा व्यवहार चारचौघांत पुरा होत होता.

सरकारी कागद वाचताना एक गोष्ट विसरून चालत नाही. विल्यम हॅलिडे हे अलर्ट बे इथले सरकारी एजंट. बंदीची अंमलबजावणी त्यांच्याकडे आणि खटल्यात न्यायासनावरही तेच. त्यांच्या मताला तटस्थ साक्ष मानता येत नाही. गावाने मुखवटे, खुळखुळे आणि तांब्याचे पत्रे सरकारजमा केले तर शिक्षा तहकूब, अशी अट घालण्यात आली. तरीही वीसेक जण ओकाला तुरुंगात गेले. जप्त वस्तूंची भरपाई दीड हजार डॉलरांच्याही आत बसवली गेली. काही वस्तू त्याआधीच जॉर्ज हाय या न्यूयॉर्कच्या संग्राहकाला विकल्या होत्या. उरलेल्यांपैकी बहुतेक ओटावा आणि टोरंटोच्या संग्रहालयांत गेल्या.

१९५१ मध्ये बंदी कायद्यातून गळाली. वस्तू परत मिळवायला वंशजांना आणखी अनेक वर्षे झगडावे लागले. त्या ठेवण्यासाठी केप मज इथे १९७९ मध्ये आणि अलर्ट बे इथे १९८० मध्ये संग्रहालये उघडली. काही वस्तू अजूनही परतलेल्या नाहीत. त्यांचा शोध चालू आहे.