मेमाराचे खानदान

आपल्या कसब्यात एखादी मशीद, शाळा किंवा शादीखाना उभा राहिला की दर्शनी भिंतीत संगमरवरी पाटी बसते. तिच्यावर उद्घाटकाचे नाव असते, देणगीदारांची असतात, कमिटीच्या सदरापासून खजिनदारापर्यंत सर्वांची असतात. ज्याने पाया आखला, ओळंबा धरला, मे महिन्याच्या उन्हात परांचीवर उभे राहून कमान वळवली त्या मिस्तरीचे नाव मात्र नसते. आणि ती पाटी भिंतीत बसवतो तोही तोच! जलशात आपण पुढाऱ्यांना 'मेमार-ए-कौम' म्हणतो आणि खऱ्या मेमाराला ओट्यावर चहा देऊन वाटेला लावतो.

म्हणूनच औरंगाबादचा (२०२३ पासून या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे) बीबी का मकबरा पाहायला गेल्यावर घुमटाआधी मुख्य दरवाजाकडे पाहावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो. तेथील लेखात बांधणाऱ्यांची नावे आहेत. मेमार अताउल्लाह आणि त्यांच्यासोबत इंजिनिअर हंसपतराय. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिच्या कबरीवरची ही इमारत १६६०-६१ च्या सुमारास पूर्ण झाली. खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे झाल्याचे सांगितले जाते. ताजमहालाचा खर्च कोटींत सांगतात. तेव्हा 'ही ताजची नक्कल, पण फिकी' असे म्हणणे सोपे आहे. पण कोणत्याही गवंड्याला विचारा, तो लगेच सांगेल की मालकाचा हात आखडता होता. संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या भागाला पुरला, बाकी काळ्या दगडावर गिलावा करून काम तडीस नेले. हातात आहे त्या मालात घर उभे करणे हेच तर आमच्या मिस्तरींचे रोजचे आयुष्य!

हे अताउल्लाह कोण होते? आग्ऱ्याच्या ताजमहालाचे मेमार उस्ताद अहमद लाहोरी यांचे थोरले चिरंजीव.

उस्ताद अहमद यांच्याविषयी आपल्याकडे इतिहास कमी आणि कहाणी जास्त आहे. ताज पूर्ण झाल्यावर शाहजहानने कारागिरांचे हात तोडले, ही गोष्ट तर शाळेत येण्याआधीच मुलांना पाठ असते. त्या काळच्या कोणत्याही नोंदीत तिला आधार नाही. उलट ताजचे काम चालू असतानाच, १६३९ मध्ये, दिल्लीच्या लाल किल्ल्याची पायाभरणी झाली आणि ते कामही उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद यांच्याकडे सोपवले गेले. ज्याचे हात तोडायचे त्याला कोणी दुसरा किल्ला बांधायला देतो काय? बादशहाने त्यांना 'नादिर-उल-अस्र' म्हणजे आपल्या काळातील अद्वितीय पुरुष, असा किताब दिला होता. १६४९ मध्ये ते वारले, किल्ला पुरा झाल्यानंतर वर्षभरातच.

पुढे मात्र त्यांचे नाव विसरले गेले. एकोणिसाव्या शतकात ताजचे श्रेय कोणा 'उस्ताद ईसा'ला दिले गेले. कोणी ते इटालियन जवाहिऱ्यालाही देऊन टाकले. खरे नाव उजेडात आले ते १९३० च्या दशकात, मौलाना सय्यद सुलेमान नदवी यांच्या संशोधनामुळे. पुरावा कोणता होता? फर्मान नव्हे, दरबारी हिशेबही नव्हे. तो होता एका मुलाने आपल्या वालिदविषयी लिहिलेला मजकूर. दुसरे चिरंजीव लुत्फुल्लाह 'मुहंदिस' या तखल्लुसने फारसीत शायरी करीत. त्यांच्या दीवानात त्यांनी आपल्या घरची हकीकत घातली. वालिद भूमिती आणि खगोल जाणत, बादशहाच्या हुकमाने त्यांनी ताज आणि दिल्लीचा किल्ला बांधला, आम्ही तिघे भाऊ, असा तो वृत्तांत आहे. धाकटे नूरुल्लाह. दिल्लीच्या जामा मशिदीच्या दर्शनी भागावरील अक्षरे त्यांच्या हातची.

वाचकहो, या घराकडे जरा निरखून पाहा. बाप बांधकामावर राबला, पण त्याने मुलांच्या हाती फक्त थापी दिली नाही. एकाला गणित, एकाला शायरी, एकाला खत्ताती, आणि तिघांनाही बांधकाम. ताजमहाल बापाचे नाव राखू शकला नाही, ते मुलाच्या कलमाने राखले.

आमच्या शाळेत प्रवेशाच्या फॉर्मवर 'वालिदचा व्यवसाय' असा रकाना असतो. गवंड्याची मुले तेथे बहुधा 'मजुरी' लिहितात, काही 'धंदा' लिहितात. 'मेमार' लिहिलेले आम्ही अजून पाहिले नाही. वास्तविक त्यांचे वालिद पाया आखताना सूत घेऊन तीन, चार आणि पाच फुटांचा गुण्या बरोबर मारतात. तोच सिद्धांत वर्गात फळ्यावर आला की मुलगा म्हणतो, सर, हे अवघड आहे! बी.एड.च्या पाठांत आम्हाला 'परिसराशी सांगड' घालायला शिकवले होते. सांगड घरातच होती.

अताउल्लाहांची आणखी एक गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. मकबऱ्याच्या पंचवीसएक वर्षे आधी, १६३४-३५ मध्ये, त्यांनी भास्कराचार्यांच्या संस्कृत 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद केला आणि तो शाहजहानला अर्पण केला. पुढे १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची यांनी या फारसीवरूनच ते इंग्रजीत नेले. औरंगाबादहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव लागते. त्याच्याजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून त्याने तेथे मठ काढला. आजोबांचे नाव नातवाने दगडावर कोरले, वालिदचे नाव मुलाने कागदावर लिहिले. आणि या दोन घरांना जोडणारे पुस्तक एका मेमाराने अनुवादिले. फारसी आणि संस्कृतच्या सरहद्दी आज आपण ज्या हिरीरीने राखतो, तशा त्या मेमाराने राखल्या नाहीत.

या खानदानाची एक खूण मांडूलाही आहे. तेथे होशंगशाहची संगमरवरी कबर ताजच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची आहे. १६५९ मध्ये चार जण ती पाहायला गेले आणि आपण आल्याची नोंद त्यांनी तेथे दगडावर करून ठेवली. लुत्फुल्लाह मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद. लुत्फुल्लाहांनी आपल्या नावापुढे वडिलांचे नावही लिहिले आहे, शाहजहानचे मेमार उस्ताद अहमद. वालिदना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.